जोर न लावणारा टेनर : टीना ब्रुक्सचा 'ट्रू ब्लू'

ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनवाल्याच्या वाट्याला फार तर आठ बार (तालाची आठ आवर्तनं) येतात. मुखडा झाला, अंतऱ्याआधी पीस आला, त्यात काय चमक दाखवायची ती दाखवायची. तोवर गायक माइक सावरून उभाच असतो. हिंदी सिनेसंगीतातले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांनी तेवढ्याशा जागेत काय काय करून ठेवलंय, ते आम्ही वाजवणारी मंडळी अजून घोटतोय. पण एखाद्या टेनरवाल्याला (टेनर म्हणजे थोड्या खालच्या पट्टीचा सॅक्सोफोन) मोकळं रान दिलं तर? बहुतेक जण जोर लावतात. वरच्या पट्टीत चढतात, वेग वाढवतात, टाळी वसूल करतात. 'ट्रू ब्लू' या जॅझ अल्बमवरचा माणूस असलं काही करायला जात नाही. मला हा अल्बम आवडतो तो त्यासाठी. आणि तो मागे पडला, त्यातही या स्वभावाचा थोडा हात असावा.

माणसाचं नाव टीना ब्रुक्स. नाव बाईचं वाटेल, पण खरं नाव हॅरॉल्ड फ्लॉइड ब्रुक्स. चणीने बारका म्हणून 'टीनी' म्हणायचे, त्याचं टीना झालं. जन्म १९३२, नॉर्थ कॅरोलायनातलं फेएटव्हिल. 'ब्लू नोट' या अमेरिकन जॅझ रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने स्वतःच्या नावावर चार अल्बमचा ऐवज रेकॉर्ड केला. हयातीत बाजारात आला तो एकच, हा.

रेकॉर्डिंग २५ जून १९६०चं. न्यू जर्सीत इंगलवुड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डरने आदल्याच वर्षी उंच लाकडी छताचा स्टुडिओ उभारला होता, तिथलं. त्याआधी हा गृहस्थ आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा आणि पोटापाण्यासाठी लोकांचे डोळे तपासायचा! याच स्टुडिओत सहा दिवस आधी ट्रम्पेटवाल्या फ्रेडी हबर्डचा पहिला अल्बम झाला, 'ओपन सेसमी'. त्यात टेनर ब्रुक्सचा आणि शीर्षकाची चालही ब्रुक्सचीच. मग हबर्ड इकडे साथीला आला. पियानोवर ड्यूक जॉर्डन, जो जॅझमधला दिग्गज सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर वाजवून आलेला. बासवर सॅम जोन्स, ड्रम्सवर आर्ट टेलर. ब्लू नोटचे मालक रेकॉर्डिंगआधीच्या तालमीचेसुद्धा पैसे द्यायचे. (आमच्याकडे तालमीला चहा मिळाला तरी पुष्कळ.) त्या तालमी इथे कानाला कळतात. टेनर आणि ट्रम्पेट चाल मांडतात तेव्हा दोन्ही वाद्यांचे श्वास एकत्र सुटतात आणि एकत्र भरतात. कोणी कोणाच्या अंगावर पडत नाही.

सहापैकी पाच चाली ब्रुक्सच्या आहेत. पहिली 'गुड ओल्ड सोल', आठेक मिनिटांची, मध्य लयीतली. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. ब्रुक्सचा सूर जाड नाही. किंचित हवा मिसळलेला, कडा मऊ, आणि त्यात एक दुखरेपण. आधीच्या पिढीतल्या टेनरवाल्या लेस्टर यंगची आठवण हमखास येते. टेनर वाजवणाऱ्याने एक गोष्ट मुद्दाम ऐकावी, ती म्हणजे त्याचा दम. वाक्य संपलं असं आपल्याला वाटतं, तिथे तो श्वास घेत नाही. तेच वाक्य पुढच्या बारमध्ये वळवून नेतो आणि भलत्याच ठिकाणी, पण अगदी बरोबर, टेकवतो. मी हे वाजवून बघतो तेव्हा निम्म्यात माझी फुंक संपते, आणि कशीबशी पुरवलीच तर सूर कडक होतो. त्याचा होत नाही. लांब वाक्याच्या शेवटच्या स्वरालाही तोच मऊपणा असतो.

तिसरी 'थीम फॉर डॉरिस' ही माझी सगळ्यात लाडकी. लॅटिन ठेका, उदास चाल, आणि दोन वाद्यं मिळून ती अशी मांडतात की हिला शब्द कसे नाहीत असं वाटावं. इथे हबर्डचं कौतुक करायलाच हवं. पोरगा बावीस वर्षांचा, अंगात रग, फुंक धारदार. तो भर्रकन वर जातो. त्याच्या बाजूला ब्रुक्स ऐकला की कळतं, हा मुद्दामच खाली राहिलाय. स्पर्धा लावायची संधी समोर होती, ती त्याने घेतलीच नाही.

दुसऱ्या बाजूला शीर्षकाची चाल सर्वांत आटोपशीर. 'मिस हेझल' चांगली आहे, पण त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही ब्लू नोट रेकॉर्डवर खपून गेली असती. मी ती कधीकधी ओलांडून पुढे जातो. शेवटची 'नथिंग एव्हर चेंजेस माय लव्ह फॉर यू' तेवढी दुसऱ्यांची आहे, आणि मूळ गाणं ठाऊक नसलं तरी काही अडत नाही.

तक्रार करायचीच तर पियानोची. व्हॅन गेल्डरच्या रेकॉर्डिंगमध्ये पियानो बऱ्याचदा डब्यात ठेवल्यासारखा येतो, तसा इथेही येतो. जॉर्डनसारखा नजाकतीचा वादक त्यात थोडा मार खातो. मोबाइलच्या स्पीकरवर तर तो हरवतोच. चांगला हेडफोन लावा, म्हणजे बासही सापडेल.

एवढं असून हा मागे का राहिला? त्याच वर्षी टेनरवादक जॉन कोल्ट्रेनचा 'जायंट स्टेप्स' बाजारात आला आणि टेनरवाल्यांचे कान तिकडे गेले. (गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक चालींवर ड्रम्स याच आर्ट टेलरचे आहेत.) दुसरा टेनरवाला हँक मोब्ली याचा 'सोल स्टेशन'ही त्याच वर्षी, त्याच कंपनीचा. पण खरं कारण याहून कडू आहे. ब्रुक्सचा पुढचा अल्बम 'बॅक टू द ट्रॅक्स' रेकॉर्ड झाला, त्याला कंपनीच्या यादीतला क्रमांक पडला, कव्हर तयार झालं, आणि तो निघालाच नाही. १९५८चा 'मायनर मूव्ह' जपानात १९८०मध्ये आला. १९६१नंतर त्याचं रेकॉर्डिंगच नाही. हेरॉइनने शरीर पोखरलं होतं. १९७४मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावावरची ब्लू नोटची सगळी रेकॉर्डिंग्ज एकत्र निघाली १९८५मध्ये, मोझेक कंपनीच्या संचात.

मूळ छपाईची एलपी आता लाखांत जाते. संग्राहकांना ती लखलाभ. स्ट्रीमिंगवर अख्खा अल्बम आहे आणि चाळीस मिनिटांच्या आत संपतो. आवडला तर पुढे 'ओपन सेसमी' घ्या, त्यानंतर 'बॅक टू द ट्रॅक्स'. वाजवणारे असाल तर सीडीवरचा 'गुड ओल्ड सोल'चा दुसरा टेकही मिळवा. चाल तीच आहे, पण दोन्ही टेकमध्ये तो श्वास कुठे घेतो ते पेन्सिलने खुणा करत ऐका.