‘हेड जळालंय’ म्हणून माझ्याकडून घेतलेले ४,७५० रुपये

मी नाशिकला घरीच पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. उन्हाळ्यात दीड महिना आम्ही गावी होतो, घर बंद. जूनमध्ये परत आलो तेव्हा शाळा सुरू व्हायला चारच दिवस राहिले होते आणि मला मुलांचे सरावाचे कागद छापायचे होते. प्रिंटर लावला तर काळ्या अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा आणि निळा रंग जवळजवळ नाहीसा. प्रिंटर इंक टँकचा, घेऊन दहाच महिने झालेले.

मोबाइलवर कंपनीचं नाव, पुढे ‘सर्व्हिस सेंटर नाशिक’ असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. त्यावर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती ती. तेव्हा माझं तिकडे लक्षच गेलं नाही. फोनवरची मुलगी कंपनीचं नाव घेऊनच बोलली, मॉडेल विचारलं, तक्रार क्रमांकसुद्धा दिला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास माणूस दारात हजर. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, बोलायला अतिशय नम्र.

त्याने आधी नोझल चेकचं पान काढलं, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं नीट चालतात का ते दाखवणारं पान. त्यावर चारही रंगांच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेघा येतात. माझ्या पानावर निळ्याच्या निम्म्या पायऱ्या तुटलेल्या होत्या, काळ्याच्याही मधल्या गायब. ते पान माझ्यासमोर धरून म्हणाला, “ताई, हेड जळालंय. शाई येणार कुठून?” हेड म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग. मी म्हटलं, अजून वॉरंटी आहे. तर म्हणाला, “हेड वॉरंटीत बसत नाही, कोणत्याच कंपनीचं.” मग धूळ नको, पंख्याचा वारा नको म्हणून प्रिंटर आतल्या खोलीत नेला, कोमट पाणी आणि जुनं सुती फडकं मागितलं. मी बाहेर मुलांच्या वह्या तपासत बसले. पाऊण तासाने हाक मारली. छपाई स्वच्छ येत होती. काळी टाकी अर्ध्याखाली होती, ती त्याने बॅगेतल्या बाटलीने भरून टाकली. बाटलीला सील होतं का, हे मी पाहिलं नाही. जुनं हेड मागितलं तर म्हणाला, “ते कंपनीत जमा करावं लागतं.”

बिल असं: व्हिजिट ३५०, हेड ३,८००, शाई ६००. एकूण ४,७५०. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव आलं ते एका माणसाचं, कुठल्या कंपनीचं वा दुकानाचं नव्हे. ते मी वाचलं, आणि तरीही पिन टाकला. काम झालं होतं, मुलांचे कागद निघाले होते, मी समाधानी होते. एवढी समाधानी की खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्याचा नंबर मीच लिहून दिला.

काकूंचा प्रिंटर चार वर्षांचा. मुलाने परदेशी जाताना घेऊन दिलेला. त्यांच्या भजनी मंडळातल्या बायकांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून काकू अभंग मोठ्या अक्षरांत छापून सगळ्यांना वाटतात. दिवाळीच्या आधी त्यांच्या प्रिंटरचे दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले आणि छपाई बंद. त्यांनी त्या नंबरवर फोन केला. तोच माणूस आला, ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणाला आणि ३,२०० रुपये घेऊन गेला. दिवे थांबले, छपाई सुरू झाली. काकूंनी मला मुद्दाम वर येऊन सांगितलं, “अगं, चांगला माणूस दिलास हो.”

जानेवारीत एके सकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. प्रिंटरखालून काळपट निळी शाई वाहून टेबलभर झाली होती. शेजारीच अभंगांची फाइल होती, तिच्या खालच्या कडेने शाई वर चढत गेली होती आणि हरिपाठाची पानं एकमेकांना चिकटली होती. काकू एकेक पान सोडवून वर्तमानपत्रावर पसरत होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

या वेळी प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरून कंपनीची वेबसाइट उघडली आणि तिथला नंबर लावला. आलेल्या इंजिनिअरने पाठीमागचा एक भाग काढून आम्हाला दाखवला. आत स्पंजासारखा जाड पॅड, शाईने इतका भिजलेला की बोट लावलं तर थेंब खाली पडत होता. हेड साफ करताना प्रिंटर शाई ओढून बाहेर टाकतो, ती या पॅडमध्ये जमते. आत एक मोजणी चालू असते. पॅड भरला असं त्या मोजणीने ठरवलं की प्रिंटर आपणहून थांबतो, कारण पुढे चालला तर शाई बाहेर येणार. ते दिवे म्हणजे एवढंच सांगणं होतं. काकूंना आठवलं की त्या माणसाने एकही स्क्रू काढला नव्हता. लॅपटॉपला वायर जोडली, आणि काकू चहा टाकून येईपर्यंत दिवे थांबले होते. म्हणजे त्याने मोजणी शून्यावर आणली आणि भरलेला पॅड तसाच ठेवला. मदरबोर्ड प्रिंटर न उघडता बदलता येत नाही, एवढं तर आपल्यालाही कळतं. खऱ्या कामाचे, नव्या पॅडसकट, सातशेच्या आत पैसे झाले.

तिथेच माझ्या पोटात गोळा आला. वर जाऊन जूनचं बिल शोधलं. त्याला त्याने दुरुस्तीनंतर काढलेलं नोझल चेकचं पान टाचलेलं होतं. दुरुस्तीआधीचं पान माझ्या मुलीच्या चित्रांच्या गठ्ठ्यात सापडलं, पाठकोऱ्या बाजूवर तिने मोर काढला होता. दोन्ही पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. आधीच्या पानावर निळ्याच्या कितीतरी पायऱ्या नव्हत्या. नंतरच्या पानावर दोनच नव्हत्या, पण त्या दोन अगदी त्याच जागी होत्या, पहिल्या पानावर जिथे तुटल्या होत्या तिथेच. नवीन हेडला नेमकी तीच दोन छिद्रं बुजलेली कशी असतील? पानं खाली नेऊन इंजिनिअरला दाखवली. ते म्हणाले, “मॅडम, हेड तेच आहे. वाळलेली शाई तेवढी काढलीय.”

शाईचंही तसंच. माझ्या प्रिंटरची मूळ काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची आहे, पाण्याने सहसा पसरत नाही. पावसाळ्यात मुलांच्या ओल्या हातांनी प्रश्नपत्रिका का पुसट होतात, ते मला आता कळलं. एप्रिलच्या आणि जुलैच्या कागदावर एकेक थेंब पाणी टाकलं. एप्रिलचं अक्षर जसंच्या तसं राहिलं, जुलैचं काळं वर्तुळ होऊन पसरलं. बिलावरचा जीएसटी नंबर मोजला. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ने सुरू होतो. माझ्या बिलावर १३च अक्षरं होती.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वॉरंटी कार्डावरचं. ते उघडलं तर त्यावर हेडसकट एक वर्षाची वॉरंटी स्पष्ट लिहिलेली. जूनमध्ये खऱ्या नंबरवर फोन केला असता तर एक पैसा पडला नसता. जानेवारीत मुदत उलटून गेली होती.

आणि मुळात बिघाड काय होता? दीड महिना प्रिंटर वापरला नाही, घर तापलेलं, त्यात गावी जाताना मी तो बंद केला तो भिंतीवरच्या बटणाने. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कोपऱ्यात जाऊन बसतं आणि त्याखाली रबरी टोपी येते, छिद्रं झाकली जातात. थेट वीज तोडली तर हेड कधी कधी उघडंच राहतं आणि शाई वाळते. हेडची छिद्रं केसाहून बारीक असतात, त्यांत वाळलेली शाई अडकली की पांढऱ्या रेघा येतात. संगणकावर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये नोझल चेक आणि हेड क्लीनिंग असतं, ते घरी कुणालाही करता येतं. एकदा क्लीनिंग, मग नोझल चेक, असं दोन-तीनदा करायचं. तरी रेघा राहिल्या तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी पुन्हा बघायचं, कारण मधल्या वेळात शाई मऊ पडते. एकामागून एक दहा वेळा क्लीनिंग करत बसू नका. त्यात टाकीतली शाई जाते आणि तीच जाऊन पॅड भरते. इंजिनिअरने सांगितलेलं मी जानेवारीत घरी करून पाहिलं, त्या दोन पायऱ्यासुद्धा दुसऱ्या सकाळी आल्या.

पुढे सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, बिल आणि दोन्ही पानांचे फोटो जोडले. फोनवरच्या ताईंनी सांगितलं की पैसे गेल्यावर लगेच कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, सात महिन्यांनी फार अवघड. बँकेने लेखी कळवलं की व्यवहार मी स्वतः पिन टाकून केलेला आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार आहे. पैसे आलेले नाहीत. त्या जाहिरातीची तक्रार केल्यावर ती दिसेनाशी झाली, पण आठवड्याभराने तोच मजकूर दुसऱ्या नंबरासह वर आला.

तेव्हा कृपा करून नंबर शोधायचा तर खोक्यातल्या वॉरंटी कार्डावर, प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवर नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर शोधा. घरी येणाऱ्याला प्रिंटर आपल्या डोळ्यांसमोरच उघडायला लावा, बदललेला भाग मागून घ्या, आणि नोझल चेकची दोन्ही पानं तारीख घालून जपून ठेवा. ती दोन पानं नसती तर मला आजही काही कळलं नसतं.

काकूंच्या फ्रिजवर त्या माणसाच्या नंबराची चिठ्ठी लावलेली होती, माझ्या अक्षरातली. ती मी काढून आणली. त्यांचे ३,२०० मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. शाई वाळू नये म्हणून आठवड्यातून एक रंगीत पान छापावं लागतंच, तेव्हा मी दर शनिवारी त्यांच्या भिजलेल्या फाइलमधला एक अभंग टाइप करते आणि मोठ्या अक्षरांत छापून खाली नेऊन देते. हरिपाठाची नऊ पानं झाली आहेत.