भूतानचा परवाना: आधीच ऑनलाइन की फुंत्शोलिंगला पोहोचून?
पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या जयगावमार्गे भूतानला निघालेली मैत्रीण या प्रश्नात अडकली आहे. फुंत्शोलिंग म्हणजे जयगावला लागूनच, सीमेपलीकडचं भूतानी गाव. खर्चात फरक नाही: भारतीयांना शाश्वत विकास शुल्क, म्हणजे भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं ते शुल्क, माणशी एका रात्रीचे १२०० रुपये, दोन्हीकडे तेवढंच. म्हणून ‘स्वस्तात काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे लक्ष देऊ नका. कागदपत्रंही तीच, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. मोठ्यांचं आधार कार्ड चालत नाही, हे निघण्याआधीच ध्यानात ठेवा.

खरा फरक वेळेचा. अर्जातली चूक घरी असताना निस्तरता येते. सीमेवर तीच चूक पुढे पारो शहराला पोहोचायचा अख्खा दिवस खाऊ शकते. शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे.

सोबत लहान मुलं, ज्येष्ठ किंवा पक्कं हॉटेल बुकिंग असेल तर ऑनलाइनच. तारखा मोकळ्या असलेल्या एकट्या प्रवाशाला फुंत्शोलिंगचा काउंटर सोयीचा.