जुलाब लागलेल्या बाळाला काय पाजावं? पुडी, पेज, शहाळं की टेट्रा पॅक

पावसाळ्यात मुंबईत लहान मुलांचे जुलाब-उलट्या वाढतात. मग घरातलं कुणी शहाळं आणायला धावतं, आजी पेज टाकते, केमिस्ट गोड टेट्रा पॅक पुढे करतो. माझं मत आधीच सांगते: ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवायच्या साखर-क्षारांची पुडी पहिली, बाकी सगळं तिच्यानंतर.

जुलाबातून पाण्याबरोबर क्षारही जातात. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं शोषलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं, म्हणून प्रमाण महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात 1 लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं. फळांच्या चवीच्या गोड पेयांत साखर जास्त असते आणि त्यानं जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली, ते फार बरं झालं. तयार पॅक घ्यायचाच तर त्यावर संघटनेचं सूत्र लिहिलंय का, ते वाचा.

पुडी कालवताना मात्र चूक नको. मोठी पुडी 1 लिटरची, छोटी 200 मिलिलिटरची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ अती होतं आणि बाळाला अपाय होतो. अंदाजानं अर्धी पुडीही नको. उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या बाटलीनं मोजा. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या.

पुडी नाही, रात्र झालीय? 1 लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे सकाळी पुडी आणाच.

मीठ घातलेली तांदळाची पेज सहा महिन्यांपुढच्या मुलाला उत्तम, पोटालाही आधार. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी. जोडीला चालेल, पुडीऐवजी नाही. अंगावरचं दूध कधीच थांबवू नका.

दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिलिलिटर ओआरएस, मोठ्याला 100 ते 200, तेही चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

डोळे खोल गेले, शू बराच वेळ झाली नाही, शीत रक्त दिसलं, बाळ मलूल झालं किंवा पितच नसेल, तर घरी वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर लक्षणांचीही वाट नको. बाळ जागं असेल आणि नीट गिळत असेल, तर वाटेतही चमचा चालू ठेवा.