फुग्यांची माळ नव्हे, वाकलेली नळी: भ्रूणाच्या मेंदूचा थ्रीडी ॲटलास

भ्रूणाचा मेंदू शिकवायला घेतला की फळ्यावर एक आकृती हमखास निघते: आधी तीन फुगे, म्हणजे मेंदूचे सुरुवातीचे फुगीर भाग, मग पाच, एकाखाली एक, अगदी सरळ रेषेत. मुलं नावं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि तोच मेंदू काचपट्टीवर दिसला की गोंधळतात. गोंधळणारच, कारण तो सरळ कधी नसतोच. मेंदू मुळात एका नळीतून घडतो, आणि तीन फुगे पुरते आकाराला येण्याआधीच ही नळी वाकू लागलेली असते. हे वाकणं डोळ्यांनी बघायचं असेल तर ॲम्स्टरडॅमच्या वैद्यकीय केंद्राने केलेला ‘थ्रीडी ॲटलास ऑफ ह्यूमन एम्ब्रिऑलॉजी’ जरूर उघडावा. फुकट आहे, पण वापरायची रीत माहीत हवी.

‘सायन्स’ नियतकालिकात 2016 साली तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या कार्नेगी या मानवी भ्रूणांच्या जुन्या संग्रहातले सुमारे 15,000 छेद, म्हणजे काचपट्टीवरचे पातळ काप, संगणकावर घेऊन, विद्यार्थ्यांकडून एकेका अवयवाची कड आखून घेऊन ही मॉडेलं उभी केली आहेत. भ्रूणाच्या वाढीचे कार्नेगी टप्पे 7 ते 23, म्हणजे साधारण 15 ते 60 दिवस, एवढा त्याचा आवाका. पाठ्यपुस्तकांत कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणावरून भरलेल्या जागा पुष्कळ असतात. इथे सगळं माणसाचं आहे, ही त्याची खरी किंमत.

पहिली अडचण फाईल उघडतानाच येते. मॉडेलं थ्रीडी पीडीएफमध्ये आहेत. ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर उघडलीत तर फार तर एक स्थिर चित्र दिसेल, आणि फाईल बिघडली आहे असं वाटेल. आधी डाउनलोड करा, मग लॅपटॉपवर ॲडोबी रीडरमध्ये उघडा. वर पट्टी येते, तिथे थ्रीडीला परवानगी द्या. पट्टी आलीच नाही तर प्रेफरन्सेसमध्ये ‘थ्रीडी अँड मल्टिमीडिया’खाली ती चालू करा. जावास्क्रिप्टही चालू असावी लागते, नाहीतर बटणं दाबून काही होत नाही. जुना लॅपटॉप असेल तर एका वेळी एकच फाईल उघडी ठेवलेली बरी.

बघायचा क्रम महत्त्वाचा. टप्पा 9 पाठीकडून पाहा: न्यूरल प्लेटच्या, म्हणजे जिच्यापासून नळी होते त्या सपाट पट्टीच्या, दोन कडा उचललेल्या, मध्ये खोबण, सगळं अजून उघडं. टप्पा 10 मध्ये, साधारण 22 व्या दिवशी, कडा मधल्या भागात जुळतात आणि दोन्ही टोकं उघडी राहतात. पुढचं, डोक्याकडचं तोंड टप्पा 11 मध्ये मिटतं, मागचं टप्पा 12 मध्ये. पुढचं मिटलं नाही तर ॲनेन्सेफली (मेंदूचा बराच भाग न बनणं), मागचं राहिलं तर स्पायना बिफिडा (पाठीचा कणा उघडा राहणं). विद्यार्थ्यांना हे दोन आजार दोन वेगळ्या धड्यांत भेटतात. इथे ते एकाच नळीची दोन टोकं म्हणून शेजारी दिसतात.

दिवसांच्या हिशेबात मात्र सावध राहा. ॲटलासचे दिवस गर्भधारणेपासून मोजलेले आहेत, दवाखान्यातले आठवडे शेवटच्या पाळीपासून. म्हणजे दोन आठवड्यांचा फरक. ॲटलासचा 28 वा दिवस म्हणजे सोनोग्राफीच्या कागदावरचे 6 आठवडे; पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात आणि नळी तेव्हा मिटलेलीही असते. नळी नीट मिटावी म्हणून दिली जाणारी फॉलिक ॲसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून का सांगतात, हे समजवायला टप्पा 10 आणि 12 शेजारी शेजारी ठेवणं पुरेसं आहे.

यापुढचा भाग सगळ्यात सुरेख. टप्पा 13-14 आडव्या बाजूने पाहिला की मध्यमेंदूपाशी आणि मानेपाशी नळी पुढे झुकलेली दिसते. मग या दोन्हींच्या मध्ये, पश्चमेंदूत, तिसरा बाक येतो, तो उलट्या दिशेचा. त्यामुळेच चौथ्या पोकळीचं, म्हणजे पश्चमेंदूतल्या पोकळीचं, छत पातळ होऊन पसरतं. वर्गात हे करून दाखवता येतं: रबरी नळीला एका बाजूने उभी चीर द्या आणि चिरेची बाजू आत येईल अशी नळी वाकवा. चीर शंकरपाळ्यासारखी उघडते. चौथ्या पोकळीचा आकार तोच.

छेद घ्यायच्या साधनात एक फसगत आहे. टप्पा 16 नंतर बरोबर मधोमध छेद घेतला तर मोठा मेंदू गायब झाल्यासारखा वाटतो. गायब नसतो, मोठ्या मेंदूचे गोलार्ध दोन्ही बाजूंना फुगतात आणि मध्यरेषेवर मुख्यतः डायएन्सेफॅलॉन, म्हणजे गोलार्धांमधला आतला भाग, उरतं. छेदाचं प्रतल (पातळी) थोडं बाजूला सरकवा किंवा आडवा छेद घ्या. आणखी एक: प्रत्येक मॉडेल पडदाभर दिसतं, त्यामुळे टप्पा 12 चा 3 ते 5 मिलिमीटरचा भ्रूण आणि टप्पा 23 चा साधारण 30 मिलिमीटरचा सारखेच भासतात. लांबीचे आकडे शेजारी लिहून ठेवा.

उणिवा आहेत. पेशी पोकळीच्या कडेपासून बाहेर सरकून थर कसे रचतात, हे या मॉडेलांत कळत नाही. त्यासाठी छेदांकडेच जावं लागतं. लेबलं इंग्रजीत. आणि टप्पा 23 ला ॲटलास संपतो, तेव्हा मेंदूचा पृष्ठभाग अजून गुळगुळीत असतो, दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम तयार झालेला नसतो. वळ्या बघायच्या म्हणून कोणी हा ॲटलास उघडेल तर निराश होईल.

एमबीबीएस, बीएएमएसच्या पहिल्या वर्षाला आणि प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना तो नक्की सुचवावा. आपल्या बाळाचा मेंदू या आठवड्यात केवढा झाला हे बघू पाहणाऱ्या जोडप्यांनी मात्र यात शोधू नये. टप्पे भ्रूणाच्या खुणांवरून ठरवलेले आहेत, तारखांवरून नाही, आणि जतन करताना नमुने थोडे आक्रसलेलेही असतात.