स्वान-नेक की रिसीव्हर? माळव्याच्या काळ्या मातीत टो हिच निवडताना

घरच्या एसयूव्हीला मागे ट्रेलर जोडायची हिच लावायची ठरली की बाजारात चार प्रकार दिसतात. त्यातले विचार करण्याजोगे दोनच: काढता येणारा स्वान-नेक (टोकाला ट्रेलर अडकवायचा गोळा, म्हणजे बॉल, असलेली वाकडी मान) आणि दोन इंची चौकोनी रिसीव्हर (ज्यात बॉलचा दांडा सरकवतात तो पोकळ पाइप). उरलेले दोन आधी बाजूला काढू.

कायमचा बसवलेला बॉल स्वस्त आणि दणकट असतो. पण तो बंपरच्या बाहेर सदैव डोकावत राहतो. गाडी मागे घेताना भिंत लांब असली तरी रिव्हर्स सेन्सर त्या बॉललाच अडथळा समजून बोंबलतो, आणि इंदूरमध्ये सुदामानगरच्या गल्लीत गाडी उभी केली की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नडग्या फुटतात. दुसरा प्रकार म्हणजे लोहामंडीतून चॅनल आणून गाडीखाली वेल्डिंग करून घेणे. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, क्रिस्टा यांच्यासारख्या लॅडर फ्रेमच्या (खाली शिडीसारखी वेगळी चौकट असलेल्या) गाडीलाही हे करू नये. क्रेटा, हॅरियर, एक्सयूव्ही 700 अशा मोनोकॉक (वेगळी चौकट नसलेल्या) गाडीला तर नाहीच नाही. मागच्या रेल्सचं (गाडीखालच्या लांब तुळयांचं) स्टील उच्च ताकदीचं असतं आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याशेजारची पट्टी नरम पडते. झिंकचा थर जळतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो. हिच नटबोल्टनेच बसली पाहिजे, कंपनीने रेल्सवर आधीच ठेवलेल्या भोकांत. मिस्त्री ‘नवीन भोक पाडू’ म्हणाला तर किट तुमच्या मॉडेलचं नाही, एवढं समजावं.

हिचच्या आधी गाडीची पुस्तिका उघडा. आपल्याकडच्या काही मॉडेल्सच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय सायकलच्या रॅकपुरताच ठेवावा, आणि त्यासाठीही हिचला किती उभा भार चालतो ते बघावं. परवानगी असेल तर हिचवरच्या पट्टीवर दोन आकडे असतात. ‘डी’ म्हणजे ओढीची ताकद किलोन्यूटनमध्ये, ‘एस’ म्हणजे बॉलवर चालणारा उभा भार किलोत. ‘डी’चा हिशोब सोपा आहे: गाडीचं भरलेलं वजन गुणिले ट्रेलरचं भरलेलं वजन, भागिले दोघांची बेरीज, गुणिले 9.81, वजनं टनात. गाडी 2.3 टन आणि ट्रेलर 0.75 टन धरला तर साधारण 5.55 येतात. पट्टीवर याहून मोठा आकडा हवा. पट्टीच नसेल तर ती हिच घेऊ नये, कितीही जाड दिसली तरी.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन आहे, त्यामुळे त्याची नोंदणी वेगळी लागते. घरी बनवून घेतलेला ट्रेलर विनानंबर भेरूघाट उतरवू नका. नायता मुंडला आरटीओत आधी विचारून घ्या, आणि हिच लावल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.

आता मूळ तुलना. दिसण्यात स्वान-नेक सरळ जिंकतो. मान काढून डिकीत ठेवली की मागे हिच आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही. आडवा बीम बंपरच्या आत, सॉकेट खाली लपलेलं, विजेची पिनसुद्धा बऱ्याच किटमध्ये वर दुमडून आत जाते. रिसीव्हरचं चौकोनी तोंड कायम दिसतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते बंपरच्या काठाखाली लटकतं. कॉलनीतल्या उंच स्पीड ब्रेकरवरून भरलेली गाडी उतरताना पहिला मार त्यालाच बसतो. विजेच्या पिनचं सॉकेट रिसीव्हरच्या बाजूला पट्टीवर लावलेलं असेल तर ते आधी तुटतं. म्हणून ते रिसीव्हरच्या वरच्या अंगाला बसवून घ्यावं. चालताना आवाजही स्वान-नेक करत नाही. ज्यांना वर्षातून चारदा हायवेवरून स्वच्छ ट्रेलर न्यायचा आहे, त्यांनी इथेच वाचन थांबवून स्वान-नेक घेतला तरी मी चूक म्हणणार नाही.

पण दोन गोष्टींत रिसीव्हर पुढे जातो, आणि दोन्ही गोष्टी इथल्या ट्रेलरांशी निगडित आहेत.

पहिली उंची. स्वान-नेकचा बॉल ज्या उंचीवर बसला तिथेच राहतो. युरोपच्या मापात भरलेल्या गाडीच्या बॉलचा मध्य जमिनीपासून 350 ते 420 मिलिमीटर असतो आणि तिकडचे ट्रेलर त्याच बेताने बनतात. आपल्या उंच एसयूव्हीवर तो बॉल वर जातो, आणि इथल्या फॅब्रिकेटरने लहान चाकांवर बांधलेला ट्रेलर जोडला की त्याचं नाक वर उठतं. नाक उठलं की भार मागे सरकतो, बॉलवरचा दाब कमी होतो आणि साठ-सत्तरच्या वेगात शेपूट हलायला लागतं. रिसीव्हरमध्ये दोन, चार किंवा सहा इंच खाली उतरणारा बॉल माउंट, म्हणजे बॉल बसवलेला दांडा, मिळतो. ट्रेलर सपाट किंवा किंचित नाक खाली बसेल तो निवडायचा. सपाटीवर गाडी भरून उभी करा, ट्रेलरही भरून सपाट करा, दोघांची उंची मोजा. फरक येईल तेवढा ड्रॉप.

दुसरी गोष्ट बॉलचं माप. स्वान-नेकचा बॉल 50 मिलिमीटरचा. बाहेरून आलेल्या बोटीच्या ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी) बहुधा दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरचा. 0.8 मिलिमीटरने काय होतं असं वाटतं. होतं असं, की दोन इंची कपलर 50 च्या बॉलवर बसतो, खिट्टीही लागते, पण आत खेळ राहतो आणि कपलर झिजला असेल तर खड्ड्यात उसळून सुटू शकतो. उलट 50 चा कपलर दोन इंची बॉलवर पूर्ण उतरतच नाही, वरवर बसल्यासारखा दिसतो. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं. रिसीव्हरवाल्याला दुसरा बॉल माउंट घेऊन मोकळं होता येतं, स्वान-नेकवाल्याला कपलर बदलावा लागतो. बॉल झिजतोही, व्हर्निअरने मोजून 49 मिलिमीटर भरला तर तो बाद.

हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी माझ्या लेखी निकाल लागला तो मातीवर.

काढता येणाऱ्या स्वान-नेकची मान सॉकेटमध्ये घुसते आणि आतल्या खोबणीत पोलादी गोळ्या बाहेर येऊन तिला धरतात. बाजूची गोल मूठ फिरली, ती मानेला चिकटून बसली, तिच्यावरची हिरवी खूण समोर आली आणि किल्ली वळून बाहेर निघाली, तरच कुलूप लागलं. सॉकेट मागच्या चाकांनी उडवलेल्या चिखलाच्या थेट वाटेत. जुलै ते सप्टेंबर सिमरोल किंवा देपालपूरकडच्या शेताच्या वाटेवरून गाडी नेली की काळी माती त्या तोंडात भरते. ओली असताना ती बोटाने निघते. दोन दिवस ऊन लागलं की विटेसारखी होते. मग मान आत जाते खरी, पण खोबणीत मातीचा थर असल्याने गोळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत, मूठ आणि मान यांच्यात फट राहते, खूण लालवरच अडकते आणि किल्ली फिरत नाही. ट्रेलर भरून दारात उभा, आणि माणूस गाडीखाली आडवा पडून स्क्रू ड्रायव्हरने सॉकेट कोरतोय, असा हा प्रकार. त्याहून वाईट म्हणजे घाईत ‘बसलं असेल’ म्हणून लालवरच निघणं. ते कधीही करू नये, दोन किलोमीटरसाठीसुद्धा.

यावर उपाय नाही असं नाही. किटसोबत येणारी रबरी बुची मान काढल्याबरोबर सॉकेटला लावायची. बहुतेक घरांत ती पहिल्या महिन्यातच हरवते, म्हणून दोन मागवून ठेवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला जुन्या टूथब्रशने खोबणी साफ करायची आणि पातळ तेलाचा हात द्यायचा. दाट ग्रीस भरू नये, उन्हाळ्याची धूळ त्यात मळून लगदा होतो. किल्लीच्या भोकात तेलाऐवजी ग्रॅफाइट पावडर. किल्लीवरचा नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर किल्ली हरवल्यावर अख्खी मान बदलायची पाळी येते. एवढं नेमाने करणारा माणूस असेल तर स्वान-नेक त्याला वर्षानुवर्षं त्रास देणार नाही. पण घरची गाडी चारजण चालवतात, आणि बुची लावायची आठवण एकालाच असते.

रिसीव्हरमध्ये अडकण्यासारखं काही नाही. चौकोनी पोकळ पाइप, त्यात चौकोनी दांडा, आरपार 16 मिलिमीटरची पिन आणि टोकाला क्लिप. माती भरली तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन निघते, उरलीच तर हातोडीच्या दोन ठोक्यांत दांडा हलतो. पिन बसली की नाही हे उभ्याने, डोळ्यांनी दिसतं. रंगाच्या खुणेवर विश्वास ठेवायला लागत नाही.

त्याचे दोष लपवत नाही. दांडा आणि पाइप यांच्यात थोडी मोकळीक असते, त्यामुळे रिकामा ट्रेलर खड्ड्यात गेला की खडाड असा आवाज येतो आणि मुलं मागे वळून बघतात. यावर यू आकाराचा क्लॅम्प मिळतो, तो रिसीव्हरच्या तोंडाशी दांड्याला आवळून बसतो आणि आवाज जवळजवळ बंद होतो. लाकडाची पाचर ठोकू नका. ती ओली होऊन फुगली की दांडा निघत नाही. दुसरा दोष गंजाचा. दांडा महिनोन्महिने आत ठेवला तर पावसाळ्यानंतर तो आतच धरतो. वापर नसेल तेव्हा दांडा बाहेर, तोंडावर प्लास्टिकची टोपी, आतून तेलाचा पातळ हात. दांडा काढला की रिव्हर्स सेन्सरही गप्प होतो.

सायकली न्यायच्या असतील तर माझं पारडं आणखी झुकतं. जानापाव किंवा मांडूकडे सायकली घेऊन जाणाऱ्या कुटुंबांत बॉलवर चिमटा आवळून बसणारे रॅक दिसतात. त्यांना बॉल कोरडा आणि स्वच्छ लागतो. ट्रेलरच्या साध्या कपलरला मात्र ग्रीस लागतं. एकाच बॉलवर दोन्ही कामं करायची तर प्रत्येक वेळी पुसापुशी, आणि ग्रीस राहिलं तर रॅक वळणावर फिरतो. रिसीव्हरचा रॅक चौकोनी भोकात जात असल्याने फिरायचा प्रश्नच नाही. भाराचा हिशोब दोघांनाही तोच: रॅक 18 किलो आणि पंधरा-पंधरा किलोच्या तीन सायकली म्हणजे 63. ‘एस’ 75 असेल तर जमतं, पण सायकली बॉलपासून जितक्या मागे तितका मुरगळा वाढतो, म्हणून हिचच्या कागदात रॅकसाठी वेगळी मर्यादा दिली आहे का ते पाहावं. रॅकमागे नंबर प्लेट (एचएसआरपी) आणि टेल लॅम्प झाकले जाणार नाहीत असाच रॅक घ्या.

स्टेपनीकडे दोन्ही प्रकारांत लक्ष द्या. ज्या गाड्यांची स्टेपनी खाली लटकते, तिथे बंपरच्या भोकातून दांडी घालून ती उतरवावी लागते. हिचचा बीम किंवा रिसीव्हरचं तोंड नेमकं त्या भोकासमोर आलं तर घाटात पंक्चर झाल्यावर स्टेपनी निघणार नाही. बसवून झाल्याबरोबर गॅरेजमध्येच स्टेपनी एकदा पूर्ण उतरवून परत चढवायला सांगा.

वायरिंगमध्ये काटकसर नको. हल्लीच्या गाड्यांत टेल लॅम्पच्या वायरला थेट जोड मारला की इंडिकेटरची लय बिघडू शकते, नाहीतर बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा (गाडीचे दिवे वगैरे सांभाळणाऱ्या संगणकाचा) फ्यूज जातो. बायपास रिले घ्या. तो गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतो आणि ट्रेलरचा करंट बॅटरीवरून, वेगळ्या फ्यूजमधून देतो. सात पिनांच्या सॉकेटमध्ये 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा, 3 अर्थिंग, 5 उजवा टेल, 7 डावा टेल, 6 ब्रेक. ब्रेक दाबला की ट्रेलरचे सगळेच दिवे मंद लुकलुकत असतील, तर दहापैकी नऊ वेळा दोष 3 नंबरच्या अर्थिंगमध्ये असतो.

ट्रेलर जोडल्यावर बॉलवरचा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. काट्यावर बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा करून त्यावर कपलर टेकवा. 500 किलोच्या ट्रेलरला 35 ते 50 किलो आले पाहिजेत, पण ‘एस’च्या आत. कमी आले तर सामान एक्सलच्या पुढे सरकवा, जास्त आले तर मागे.

बसवताना 8.8 ग्रेडचे बोल्ट, टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने). एम-12 ला साधारण 80 ते 95 न्यूटन-मीटर, एम-16 ला 200 च्या आसपास, आणि किटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पाइप घालून अंगाच्या जोराने आवळणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. रेल्समधले कॅप्टिव्ह (आत पक्के बसवलेले) नट अशाने आत फिरतात आणि मग बंपर पुन्हा उतरवावा लागतो. बोल्टखालचा रंग आणि अंडरकोटिंग आधी खरवडून घ्या, नाहीतर तो थर दबत जातो आणि बोल्ट ढिले पडतात. ट्रेलर जोडून शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट त्याच टॉर्कवर पुन्हा तपासा.