मामांच्या रायफलीचा बोल्ट कसा गेला

माझ्या मामांकडे पॉइंट २७५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप), जर्मन माउझर पद्धतीची जुनी शिकारी रायफल होती. इंग्रजी अमदानीत लष्कराचे पॉइंट ३०३ काडतूस खासगी माणसाला बाळगता येत नसे, म्हणून शिकारीसाठी असे निराळे बोअर चालत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफलही याच बोअरची होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर मामांची रायफल कपाटात गेली आणि पुढे ती केवळ पुसण्यासाठी आणि तेल देण्यासाठी बाहेर निघत असे. वय झाल्यावर त्यांनी ती मला द्यायचे ठरवले.

एका परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाच्या हवाली करायचे असेल, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. आम्ही तसेच केले आणि रायफलीची नोंद माझ्या परवान्यावर रीतसर झाली. हे सविस्तर सांगतो आहे, कारण जोवर सगळे कागदावर होते तोवर मला कोणी फसवू शकले नाही.

रायफलीत एकच दोष होता. गोळी झाडल्यावर रिकामे काडतूस मागे ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या, मुठीच्या सरकत्या दांड्याच्या) कडेने बसणारी लांब पोलादी पट्टी, टोकाशी तुटलेला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे अशा जुन्या रायफलींचे अस्सल सुटे भाग आपल्याकडे क्वचितच हाती लागतात. दोन-तीन दुकानांतून नकार मिळाल्यावर एका ओळखीच्या माणसाने मला एक फोन नंबर दिला.

तो माणूस जाणकारासारखा बोलत होता. फोटो मागवून त्याने रायफलीचे वय सांगितले, कॉर्बेट यांचे नाव घेतले आणि भाग इंग्लंडहून मागवून देतो म्हणाला. परवान्याचे काय, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, सुट्या पार्टला कसला परवाना? परवाना बंदुकीला असतो.” हे वाक्य मला खरे वाटावेसे वाटले आणि मी ते खरे मानले. प्रत्यक्षात अधिनियमाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग ‘शस्त्र’ म्हणून धरलेले आहेत, आणि परदेशातून ते आणायचे तर वेगळा परवाना लागतो. त्या दिवशी कायद्याचे पहिलेच पान उघडले असते, तरी पुढचे सारे टळले असते.

आधी १८,००० रुपये आगाऊ दिले. महिनाभराने ‘माल कस्टममध्ये अडकला आहे’ म्हणून आणखी १४,००० दिले. पावती मागितली तेव्हा, अशा व्यवहाराची पावती तुमच्याच अंगलट येईल, असे त्याने सांगितले. मग एका संध्याकाळी तो स्वतः घरी आला. पट्टी नीट बसवायला मूळ बोल्ट समोर हवा, असे सांगून त्याने तो मागितला आणि मी तो जुन्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या हाती दिला. पैसे गेले त्याचे मला आता फारसे दुःख नाही, पण तो टॉवेल अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

दोन आठवड्यांनी बोल्ट परत आला तो ग्रीसने पुरता माखलेला होता. रायफलीत घातला तर जोर लावल्याशिवाय बंद होईना. नवा भाग आहे, हळूहळू बसेल, अशी मी समजूत करून घेतली. सुदैवाने त्यात काडतूस घालून पाहण्याची दुर्बुद्धी झाली नाही. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे नेल्यावर त्यांनी आधी ग्रीस पुसले. नळीवरचा क्रमांक मामांच्या बोल्टवरही होता; इथे त्या जागी कानशीने घासल्याचे ओरखडे होते, म्हणजे हा बोल्ट मामांचा नव्हताच. मग त्यांनी पट्टी अंगठ्याने दाबली. स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी सोडताच पूर्ववत व्हायला हवी. ही वाकली ती वाकलीच राहिली. वर ब्ल्यूइंगऐवजी, म्हणजे पोलादावर रसायनाने चढवलेल्या निळसर-काळ्या थराऐवजी, साधा काळा रंग होता आणि नखाने खरवडताच तो निघाला. परका बोल्ट घातल्यावर काडतुसाच्या बुडाशी उरणारे अंतर गेजने तपासावे लागते, ते चुकले तर काडतूस फाटून जळता वायू थेट नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो, हेही त्यांनीच समजावले.

मी फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तक्रार करा की. परवान्याशिवाय पार्ट घ्यायला तुम्हीच निघाला होतात, आधी तुम्हीच आत जाल.” त्याचा सारा धंदा या भीतीवर चालतो. पावती नको म्हणणे, परवाना लागत नाही म्हणणे, हे सगळे गिऱ्हाइकाचे तोंड पुढे बंद राहावे यासाठीच असते. मीही आठ दिवस गप्प बसलो. अखेर वकिलांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि माझी चूक न लपवता सगळे लिहून दिले. चौकशीत माझी उलटतपासणी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण परवान्यावरच्या शस्त्राचा एक भाग बेपत्ता असताना मूग गिळून बसणे मला कितीतरी महागात पडले असते, असे वकिलांचेही मत पडले.

सध्या रायफल त्याच विक्रेत्याकडे रीतसर जमा आहे आणि तो खोटा बोल्ट पंचनाम्यात आहे. मामांना मी सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मुठीखालची खूण पोलिसांना सांगितलीस का?” मामांच्या बोल्टच्या मुठीखाली, गोल गोळ्याच्या थोडे वर, तांदळाच्या दाण्याएवढी आडवी खाच आहे, मामांच्या तरुणपणी तो दगडावर पडला होता, तेव्हाची. जुन्या माउझरचा असा बोल्ट कोणी तुम्हाला विकायला आणला, तर तो विकत घेऊ नका आणि त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.