सायकल टाइम (एका जॉबला मशीनवर लागणारा वेळ) कमी करायचाय: कार्बाइड ड्रिल घ्यावं, प्रोग्राम सुधारावा की चार जॉबचं फिक्श्चर करावं?

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागातला नेहमीचा जॉब धरू. ग्रे कास्ट आयर्नची व्हॉल्व्ह बॉडी, व्हीएमसीवर (प्रोग्रामवर चालणारं उभं मशीनिंग सेंटर) सहा टूल, ८.५ मिमीची ४० मिमी खोल आठ होलं, त्यांत एम१० टॅप, म्हणजे आतले आटे. खर्च करण्याआधी स्टॉपवॉच घेऊन तीन प्रकारचा वेळ वेगवेगळा लिहा: कापण्याचा, टूल बदलण्या-हलण्याचा, आणि जॉब चढवण्या-उतरवण्याचा. कंट्रोलवरच्या सायकल टाइममध्ये तिसरा बहुधा धरलेलाच नसतो.

प्रोग्राम फुकट सुधारतो, म्हणून सुरुवात तिथून. आठ होलांना जी९८ (प्रत्येक होलानंतर टूल पार वर जातं) असेल आणि मध्ये क्लॅम्प नसेल, तर जी९९ (फक्त आर पॉइंटपर्यंत वर येतं) करा. मशीन केलेल्या फेसवर आर पॉइंट, म्हणजे फेसच्या वर जिथून टूल फीडने कापायला उतरतं ती उंची, ५ वरून २ मिमी चालतो. कच्च्या कास्टिंगवर ३ ठेवा, फेस वरखाली असतो. कास्ट आयर्नची चिप तुटकी, त्यामुळे ४० मिमीला जी८३ची (ड्रिल मधूनमधून बाहेर काढत होल करण्याची) गरज सहसा नसते. आर्म टाइप एटीसी (आपोआप टूल बदलणारी यंत्रणा) असेल तर पुढचं टूल आधीच बोलावून ठेवा. छत्री टाइपमध्ये याचा उपयोग शून्य.

ड्रिलिंगच जास्त वेळ खात असेल तर कार्बाइड. एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं साधं ड्रिल) मिनिटाला २५ मीटर वेगाने, म्हणजे सुमारे ९४० आरपीएम, फेऱ्याला ०.२ मिमी फीडने एका होलाला १२.८ सेकंद घेतं. कार्बाइड ९० मीटरला, ३४०० आरपीएमवर, त्याच फीडने साडेतीन. आठ होलांत ७४ सेकंद वाचले. पण झिजलेल्या कोलेटमध्ये (ड्रिल धरणारी पकड) हे ड्रिल लावू नका, रनआउट, म्हणजे फिरताना ड्रिलचं डोलणं, ०.०२ मिमीच्या आत नसेल तर ड्रिलचे कोपरे उडतात. दुसरा शत्रू फाउंड्रीतून येतो: चिल झालेला, म्हणजे झटकन थंड होऊन बनलेला कडक भाग, आणि वाळू. कास्टिंगची एक खराब हीट (एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा लॉट) आली, की ड्रिलचा सगळा हिशोब बिघडतो. ही बाजू फाउंड्रीशी बोलून पक्की केल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

चार जॉबचं फिक्श्चर, म्हणजे चार जॉब एकदम धरून ठेवणारी चौकट, टूल बदलण्याचा वेळ वाटून घेतं. सहा बदल, प्रत्येकी ५ सेकंद: एका जॉबमागे ३० चे साडेसात होतात. लोडिंग मात्र तेवढंच राहतं, कारण मशीन थांबवूनच चार चढवायचे. खरा फायदा दोन सबप्लेट (जॉबसकट उचलून बदलता येणाऱ्या प्लेट) केल्या तर. एक कापत असताना दुसरी बाहेर भरायची. चार जॉबचे शून्यबिंदू जी५४ ते जी५७ वेगळे ठेवा, नाहीतर एका जॉबचं माप सुधारताना उरलेले तीन बिघडतात. लोकेटरखाली (जॉब टेकतो तो टेकू) चिप अडकली की फेस तिरका जातो, म्हणून हवेची नळी हाताशी हवी. आणि तुटलेलं टॅप लक्षात येईपर्यंत चारही जॉब भंगारात.

एकच बॉडी महिनोन्‌महिने चालत असेल तर फिक्श्चरचा पैसा निघतो. पार्टी दर आठवड्याला नवा ड्रॉइंग देत असेल तर नाही. तिथे कार्बाइड बरं, ते दुसऱ्या जॉबलाही लागतं. आणि डिबरिंगच्या (कडांची बुरी काढायच्या) टेबलावर आधीच ढीग साचत असेल, तर अडथळा तिथे आहे, मशीनवर नाही; तूर्त कार्बाइड आणि फिक्श्चर दोन्ही नकोत.